कोरडी वाइन आणि कोरड्यास

नारायणगावच्या परिसरात पिकलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन गेली चार दशके बाजारात या ना त्या नावाने आली. तिच्या बाटलीमागच्या चिठ्ठीवर, हॉटेलांच्या यादीत, इंग्रजी मासिकांच्या पानांवर ती कशाबरोबर घ्यावी याचा सल्ला असे. समुद्राची मासळी, लोण्यात परतलेले कोंबडीचे मांस, चीज, ऑलिव्ह. यांतले एकही नारायणगावच्या आठवडे बाजारात मिळत नव्हते. जिथे वेल रुजला, तिथल्या ताटातला एकही पदार्थ त्या यादीत का नसावा, हा प्रश्न मला काही वर्षे सतावतो आहे. मी वाइनचा जाणकार नाही आणि विद्यापीठातला इतिहासकारही नाही. ग्रंथालयातले गॅझेटिअर, कोरीव लेखांची भाषांतरे, प्रवासवर्णने आणि जुन्नर-आंबेगावच्या वाटांवरची पायपीट एवढ्यावर माझा अभ्यास उभा आहे. या प्रश्नामागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे असे मला दिसले. तो इथे क्रमाने मांडतो.

आधी एका शब्दाबद्दल. वाइनला ‘ड्राय’ म्हणतात ते तिच्यात साखर उरलेली नसते म्हणून. किण्वनात यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन तिचा अल्कोहोल करते. लिटरमागे चार ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी साखर उरली तर ती वाइन कोरडी. मराठीत ‘कोरडी’ म्हटले की आपल्याला कोरडवाहू जमीन आठवते, कोरडी भाकरी आठवते. आणि कोरड्या भाकरीबरोबर जे लावून खायचे त्याला आपल्याकडे शब्द आहे, कोरड्यास. ‘आज कोरड्यास काय केलंय?’ हा जुन्नरच्या घराघरातला रोजचा प्रश्न. या कोरड्या वाइनलाही तोच प्रश्न विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही.

नाणेघाटातून काय चढले?

जुन्नर आणि वाइन हे दोन शब्द एकत्र आले की बहुतेक जण थेट सातवाहन काळात उडी घेतात. तशी सोय आहेही. नाणेघाट हा कल्याण बंदरातून घाटमाथ्यावर येण्याचा राजमार्ग. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. जुन्नरभोवती शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या तीन लेखांत दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावे. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चंदाने लेण्याचा दर्शनी भाग दिला आणि चिटाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला.

दुसरीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरात काय उतरत असे त्याची यादी आहे. तीत वाइन आहे. इटलीची वाइन सर्वांत पसंतीची, त्याखेरीज लाओडिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी येणाऱ्या उंची मालातही चांगली वाइन वेगळी नोंदवली आहे. कल्याणबद्दल मात्र हाच ग्रंथ सांगतो की पूर्वी ते रीतसर बंदर होते, पण नंतर तिथे अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

यवन, भोजनमंडप आणि वाइनची आयात या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक सुरेख चित्र तयार होते. जुन्नरच्या लेण्यात ग्रीक सौदागर पंक्तीला बसले आहेत आणि कुंभातून वाइन ओतली जाते आहे. पर्यटनाच्या पुस्तिकांना असे चित्र फार आवडते. पण पुरावा तिथवर जात नाही. चिटाचा मंडप भिक्षूंसाठी होता, आणि मद्यपान हा भिक्षूच्या नियमांत दोष आहे. म्हणजे परदेशी वंशाच्या माणसाने बांधलेल्या जुन्नरच्या त्या सर्वांत जुन्या भोजनगृहात वाइनला मज्जाव होता. ‘यवन’ म्हणवणाऱ्या या माणसांनी प्राकृतात लेख कोरवले, बौद्ध संघाला दाने दिली. ते इथले होऊन राहिलेले लोक होते.

मडक्यांच्या खापरांचेही तसेच. दख्खनेत नेवाशाला आणि किनाऱ्यावर घारापुरीला निमुळत्या बुडाच्या कुंभांचे तुकडे सापडले, तेव्हा ते सगळे रोमन वाइनचे कुंभ मानले गेले. पुढे रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेने भारतातली अशी खापरे पुन्हा तपासली. 2008 साली तिचे या व्यापारावरचे पुस्तक आले. यांतले बरेच तुकडे भूमध्य समुद्राकडचे नसून मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडचे, आतून डांबराचा लेप दिलेले कुंभ आहेत, असे तिने दाखवले. अर्थशास्त्रातही हेच दिसते. कौटिल्य द्राक्षांच्या मद्याला ‘मधु’ म्हणतो आणि त्याचे प्रकार सांगताना कापिशायन व हारहूरक अशी वायव्येकडच्या प्रदेशांवरून पडलेली नावे देतो. तेव्हा निष्कर्ष एवढाच निघतो की प्राचीन दख्खनेत द्राक्षाची वाइन होती, पण ती बाहेरून येत होती, महाग होती आणि राजाच्या व श्रीमंताच्या घरी जात होती. ती शेतकऱ्याच्या ताटाशेजारी बसली नाही. ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवावी लागते, कारण एकोणीसशे ऐंशीनंतर तिची जवळजवळ पुनरावृत्ती झाली.

निकितीनचे जुन्नर

जुन्नरच्या खाण्यापिण्याची एक मोलाची नोंद एका रशियन व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. अफनासी निकितीन 1469 च्या सुमारास घोडा विकायला भारतात आला आणि पावसाळ्याचे दोन महिने जुन्नरला अडकून पडला. चहूकडे पाणी आणि चिखल, असे तो वैतागून लिहितो. याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, हेही तो टिपतो. पिकांत गहू, भात आणि हरभऱ्याच्या जातीचे कडधान्य. घोड्यांनाही तेच कडधान्य आणि साखर घातलेली खिचडी. पेयांबद्दल तो सांगतो ते नारळापासून केलेले मद्य आणि ताडीसारखे आंबवलेले पेय. द्राक्षाच्या वाइनचे नाव तो काढत नाही, आणि वाइन त्याच्या धर्मविधीतली, ओळखीची गोष्ट होती हे ध्यानात घेतले पाहिजे.

निकितीनच्या जुन्नरात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता. हे सारे पोर्तुगीजांनंतर आले. हरभरा मात्र होता. आज जुन्नर-आंबेगावच्या ताटाची ओळख ठरलेली मासवडी याच हरभऱ्याच्या पिठाची. म्हणजे या ताटाचा पाया जुना आहे आणि तिखट नवे आहे. वाइनला अडचण होते ती या नव्या तिखटाची. जुन्या पायाशी तिचे वाकडे नाही. रोमन स्वयंपाकात तर मिरी जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडे आणि त्यासोबत वाइनच असे. मसाला आणि वाइन यांचे जमत नाही ही समजूत त्यामुळे इतिहासाला धरून नाही.

परदेशी झाड जुन्नरच्या मातीत रुजवून पाहण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची सरकारी बाग होती. इथली हवा परक्या रोपाला मानवते हे तेव्हाच दिसले होते. कमी होते ते पाणी.

पाणी, वेल आणि परकी नावे

पाणी आले कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्याची धरणे. पूर्वेकडच्या जिरायती शिवारात कालवे पोहोचले. ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्ष वाढले. पण याच पाण्याखाली पश्चिमेकडची गावे गेली. घोड नदीवरच्या डिंभे धरणात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच बुडाले. इथल्या द्राक्षबागेचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू वगळता येत नाही. कालव्यावर एकाची बाग फुलली तेव्हा धरणाच्या पोटात दुसऱ्याचे भाताचे खाचर होते.

खाण्याच्या द्राक्षात महाराष्ट्राने स्वतःची विद्या तयार केली. 1960 साली द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला, त्याच दशकात थॉम्पसन सीडलेस हा बिनबियांचा वाण पसरला, आणि एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी हे दोन छाटण्यांचे तंत्र बागायतदारांनी पक्के केले. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून त्याला कात्रीने ऋतू द्यावा लागतो. एप्रिलमध्ये काडी तयार करायची, ऑक्टोबरमध्ये फळ धरायचे आणि जानेवारी ते मार्च काढणी.

या पार्श्वभूमीवर 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनचा कारखाना उभा केला. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातल्या पायपर-हाइडसिक या जुन्या कंपनीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळवले. शार्दोने, उनी ब्लां, पिनो न्वार अशा फ्रेंच वाणांची लागवड सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर झाली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेस आणण्याच्या फ्रेंच पद्धतीने केलेली वाइन ‘उमर खय्याम’ या नावाने विलायतेत विकली गेली. देशात तिचे नाव ‘मार्क्वीज द पॉम्पादूर’. पुढे बिनफेसाच्या वाइनही आल्या, ‘रिव्हिएरा’, ‘शांतिली’.

ही नावे पाहा. एक फारसी कवी, एक फ्रेंच राजाची प्रेयसी, एक भूमध्य किनारा. शिवनेरी नाही, कुकडी नाही, मीना नाही. याचा दोष मी कोणाला देत नाही. त्या काळी भारतीय वाइन म्हटली की गिऱ्हाईक नाक मुरडे, आणि धंदा करणाऱ्याला तसे करणे भाग होते. पण नावाबरोबर ताटही परकेच घेतले गेले. पेरिप्लसमध्ये वाइन बाहेरून येऊन राजाकडे जात होती. आता ती गावात तयार होऊन मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात आणि लंडनला जाऊ लागली. वाटेत तिने गावचे जेवण पाहिलेच नाही.

मिश्रण कशासाठी?

इथे थोडे तंत्र सांगायला हवे, कारण पुढचे ताट त्यावर अवलंबून आहे. वाइनच्या द्राक्षाला गोडी लागते तशी आंबटही लागते. आपल्याकडे फळ पिकते ते फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. उन्हाने साखर भराभर चढते आणि आंबट, विशेषतः मॅलिक आम्ल, तितक्याच वेगाने उतरते. लवकर तोडले तर धार मिळते पण स्वाद कच्चा राहतो. थांबले तर स्वाद येतो पण वाइन बुळबुळीत, निर्जीव होते. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ आणि आंबट कमी, त्यामुळे त्याच्याने हे काम होत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे मिश्रण. इटलीत ज्याला त्रेब्बियानो म्हणतात तेच उनी ब्लां. त्याला स्वतःचा वास फारसा नाही, पण उन्हात आंबट टिकवून धरण्याचा गुण मोठा आहे. फ्रान्समध्ये कोन्याक गाळतात ते मुख्यतः याच द्राक्षाच्या वाइनपासून. शार्दोनेमुळे अंग भरते, तोंडात गोलाई येते. एकाची धार आणि दुसऱ्याचे अंग एकत्र केले की कोरडी आणि तरीही जिवंत वाइन मिळते. आपल्या स्वयंपाकघराला हे नवे नाही. आमटीत चिंच आणि गूळ का घालतात हे ज्या बाईला कळते तिला मिश्रण समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की इथे गुळाची बाजू साखरेविना सांभाळायची असते.

पुढे 2000 साली नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां हे वाण पसरले आणि वाइनचे केंद्र जुन्नरहून नाशिककडे सरकले. पण या ऊन-आंबटाच्या गणिताचा पहिला मोठा फड महाराष्ट्रात नारायणगावला रंगला.

ताट

आता तो न विचारलेला प्रश्न. ओतूर, आळे, नारायणगाव, मंचर या पट्ट्यातली मासवडी घ्या. बेसन पाण्यात घोटून घट्ट शिजवायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण, खसखस यांचे सारण पसरून गुंडाळी करायची आणि वड्या पाडायच्या. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते, म्हणून मासवडी. बाटलीवरच्या चिठ्ठीत मासळी हवीच असेल तर ही आमची मासळी, पूर्ण शाकाहारी.

सारणात तीळ आणि खोबऱ्याचे तेल आहे, वरून बेसनाचा जडपणा आहे. कोरड्या पांढऱ्या वाइनचा आंबटपणा तो चिकट तेलकटपणा कापतो. लिंबाची फोड जे करते तेच. वडी नुसती, कोमट खाल्ली तर हे जमते. मी हे घरी अनेकदा करून पाहिले आहे आणि थंड, धारदार आंबट वाइनशी ते दर वेळी जमले. पण वडी काळ्या मसाल्याच्या लाल तर्रीत बुडवली की गणित बदलते. मिरचीचा तिखटपणा ही चव नाही, ती जिभेवरची जळजळ आहे, आणि अल्कोहोल ज्ञानतंतूंच्या त्याच दाराला धक्का देतो. म्हणून तर्रीबरोबर वाइन जाळते. लाल वाइनचा तुरटपणा तर आगीत तेल ओततो. शहाणपण यात आहे की रस्सा भाकरीबरोबर खावा आणि वाइन वडीबरोबर घ्यावी.

हुलग्याची शेंगोळी लसूण आणि जिऱ्याच्या बळावर उभी असते. तिखट हात आखडता घेतला तर तिच्या मातकट चवीला पांढऱ्या वाइनची धार मानवते. टोमॅटोच्या सारात मात्र वाइन हरते, कारण पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. नारायणगावचा टोमॅटो बाजार कितीही मोठा असो, या एका ठिकाणी त्याचे आणि द्राक्षाचे जमत नाही. पुरणपोळीशेजारी कोरडी वाइन ठेवूच नये. गोडापुढे ती आंबटढाण होते.

आणि मासा. डिंभे धरणाच्या पाण्यात ज्यांची जमीन गेली त्या आदिवासींनी पुढे त्याच जलाशयात मासेमारीच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. त्यांना साथ देणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हळद, मीठ, लसूण लावून तव्यावर भाजलेला गोड्या पाण्यातला मासा कोरड्या पांढऱ्या वाइनला समुद्राच्या मासळीइतकाच चालतो. मिठाने वाइनचा आंबटपणा सौम्य होतो आणि तेल तिच्या धारेने कापले जाते. म्हणजे एकाच कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पूर्वेला द्राक्ष झाले आणि पश्चिमेला मासा. हे दोन्ही एका ताटात आले असते तर या तालुक्यांची खरी गोष्ट त्या ताटाने सांगितली असती. ते आले नाहीत, कारण द्राक्ष पिकवणारा, मासा पकडणारा आणि वाइन पिणारा ही तीन वेगळी जगे राहिली.

कोसळणे

याची किंमत किती मोठी होती हे नंतर कळले. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाइनचे वाण लावले. चौगुले समूहाची कंपनी परदेशात कारखाने विकत घेण्यापर्यंत वाढली. मग 2008 ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेले ओस पडली. कंपनी कर्जात बुडाली आणि अखेर अवसायनात निघाली. राज्यात अनेक ठिकाणी वाइनच्या द्राक्षाला उठाव उरला नाही आणि उभ्या बागा काढल्या गेल्या. खाण्याचे द्राक्ष पडेल भावाने का होईना बाजारात जाते, बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, बी मोठी. कारखान्याने नाही म्हटले की त्याला दुसरे दार नाही.

ज्या पेयाचे गिऱ्हाईक फक्त हॉटेलात आहे, ते हॉटेल रिकामे होताच पडते. गावात, तालुक्यात, पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात त्याला ताट नव्हते, म्हणून पडताना धरायला हात नव्हता. हे मी पश्चातबुद्धीने म्हणतो आहे असे कोणी म्हणेल. पण पेरिप्लसच्या काळापासून राजाच्या दारावर अवलंबून असलेल्या मालाचे असेच होत आले आहे. कल्याण बंदर अडले की घाटही सुना पडतो.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. जुन्नरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. राज्यभर वाद झाला आणि निर्णय अमलात आला नाही. एका बाजूने शेतकऱ्याचे हित सांगितले, दुसऱ्या बाजूने दारूने उद्ध्वस्त झालेली घरे दाखवली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्या बाईने नवऱ्याच्या व्यसनापायी कुंकवाखेरीज सगळे गमावले तिला बारा-तेरा टक्क्यांच्या वाइनचे कौतुक सांगायला जाणे निर्दयपणाचे आहे. आणि ज्याने सरकारी धोरणावर विश्वासून वेल लावला त्याला नीतीचे धडे देणेही तितकेच निर्दयपणाचे.

या वादात जेवणाचा उल्लेख कोणी केला नाही. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, आणि आजही तो परवान्याच्या भाषेतच बोलतो. आपल्याकडे पेय हे एकतर चोरून घ्यायचे किंवा मिरवून घ्यायचे. जेवताना, सर्वांसमक्ष, एक पेला आणि पुरे, अशी तिसरी रीत घडलीच नाही. युरोपातल्या द्राक्षप्रदेशांत ती रीत शेतकऱ्याच्या टेबलावर तयार झाली आणि मागाहून हॉटेलात गेली. आपण ती उलट्या टोकाने आणली.

ही रीत जुन्नरने आता आत्मसात करावी, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पिणे न पिणे ज्याच्या त्याच्या घरचे. पण इतिहास म्हणून एवढे नोंदवले पाहिजे की या मातीने दोन हजार वर्षांत वाइनला दोनदा वाट दिली, एकदा घाटातून आणि एकदा वेलातून, आणि दोन्ही वेळा ती इथल्या भाकरीला वळसा घालून पुढे गेली. तिसऱ्यांदा कोणी वेल लावणार असेल, तर त्याने फ्रेंच तज्ज्ञाला बोलवावे, माती तपासावी, आंबट मोजावे. त्याआधी मात्र ओतूरच्या एखाद्या घरी जाऊन विचारावे, कोरड्यास काय आहे?